पाण्याने सुटणारी पट्टी

त्या घरी पाहुणा आला की पाण्याच्या पेल्याआधी पट्टी यायची. "जरा बाही वर करता का?" असं यजमान इतक्या अजिजीने विचारायचे की नाही म्हणायला जीभ रेटत नसे. पाहुणा बाही सरसावतो न सरसावतो तोच मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, जिथली कातडी मऊ असते तिथे जखमेच्या पट्टीचा एक तुकडा चिकटलेला असायचा. मग चहा, मग गप्पा, आणि निघायच्या वेळी पट्टी काढायचा कार्यक्रम. काढताना ते पाहुण्याच्या हाताकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. नुसती भुवई हलली तरी ती पट्टी नापास. विजेचा मीटर बघायला येणाऱ्या माणसाचीही यातून सुटका नव्हती. तो बिचारा पुढे पुढे बाही गुंडाळूनच जिना चढायचा.

इमारतीने त्यांचं नाव ठेवलं होतं चिकटराव. त्यांना ते ठाऊक होतं आणि मुळीच राग नव्हता. "नाव कामावरून पडलंय, स्वभावावरून नाही," एवढंच ते म्हणायचे. यावर त्यांची बायको, जिला सगळी इमारत वहिनी म्हणायची, ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "तसं कुणी काही नक्की सांगितलेलं नाही हं."

चिकटराव डॉक्टर नव्हते. ऑपरेशनची हत्यारं बनवणाऱ्या एका कारखान्यात साचे आणि नमुने करायचं त्यांचं काम. तरुणपणी एकदा एका सर्जननी चिमटा परत पाठवला, "हातात बसत नाही" म्हणून. साहेबांनी नवा चिमटा करायला सांगितला. चिकटराव म्हणाले, आधी तो हात मला काम करताना बघू द्या. कशीबशी परवानगी काढून ते ऑपरेशनच्या खोलीत गेले, आणि पहिल्या दहा मिनिटांतच भिंतीला टेकत टेकत खाली बसले. दुसऱ्या वेळी खिशात साखरेच्या गोळ्या घेऊन गेले. तिसऱ्या वेळेपासून कोपऱ्यातला एक स्टूल त्यांचाच झाला. डॉक्टर जखमेकडे बघत, हे डॉक्टरांच्या अंगठ्याकडे. अंगठा कुठे अवघडतो, कुणाचा हात दोनदा तीच हालचाल करतो, कुठली नर्स हत्यार देताना ते नकळत उलटं फिरवते, हे सगळं डोक्यात साठवून ते कारखान्यात यायचे आणि कानस हातात घ्यायचे.

अशी त्यांच्या नावावर चार पेटंटं झाली. टाके कापायची एक कात्री होती, तिचं टोक बदकाच्या चोचीसारखं बोथट, त्यामुळे टाका कापला जाई पण कातडीला टोचत नसे. पोटातून बाहेर काढलेली नळी जागेवर धरून ठेवणारी एक चकती होती. रोगी कुशीवर वळला तरी नळीला हिसका बसत नसे. एक चिमटा आणि एक क्लिप. पेटंटांची मालकी कारखान्याची, पण शोध कुणी लावला त्या रकान्यात नाव यांचं. त्यांना तेवढं पुरत होतं. नव्या नमुन्याचा खोका घरी आला की वहिनीसमोर टेबलावर ठेवून ते हात पुसत उभे राहायचे, नापास होऊ की काय अशा चेहऱ्याने.

वहिनी कॉलेजात शिकलेली, लिहावाचायची गोडी असलेली बाई. नवऱ्याला दोन वाक्यं सरळ लिहिता येत नसत. ते चित्र काढीत आणि बाण दाखवीत. पेटंटच्या अर्जाबरोबरचं वर्णन नेहमी तीच लिहून द्यायची. तिचं नाव कुठे आलं नाही, आणि यावं असं तिला तोवर वाटलंही नव्हतं.

निवृत्त झाल्यावर चिकटरावांनी मागची बाल्कनी काचा लावून बंद केली, तिथे शेगडी, पक्कड आणि भिंग मांडलं आणि मोठा श्वास घेतला. त्याच सुमाराला त्यांच्या आईच्या नडगीला पलंगाची कड लागली.

जखम लहानच होती. पण म्हाताऱ्या माणसाची कातडी, अगदी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. पट्टीखाली जखम नीट भरायची, आणि पट्टी उचकटताना भोवतालची कातडी चिकटपट्टीबरोबर निघून यायची. एक बरी होतेय तोवर शेजारी दुसरी तयार. म्हातारीची जीभ मात्र कातडीइतकी नाजूक नव्हती.

"जन्मभर लोकांच्या पोटात हत्यारं घातलीस," ती लेकाला म्हणाली. "आता आईच्या पायाचं बघ. का त्यालाही साहेबांची चिठ्ठी लागते?"

चिकटरावांनी बघायला घेतलं. पाणी लागलं की सोडून देणारा डिंक त्यांना महिनाभरात साधला. पण घोडं अडलं ते पाण्यापाशी. कडेने पाणी सोडलं तर ते अंगठ्याच्या रुंदीएवढं आत जाऊन थांबायचं. सगळा पाय भिजवला तर जखमही भिजायची आणि म्हातारी कुडकुडायची. ते खूप पिकलेले टोमॅटो आणून, गरम पाण्यात घालून, सालं सैल करून त्यांवर पट्ट्या चिकटवायचे. साल न निघता पट्टी निघाली तर जिंकलं. जिंकत नव्हते. घरात रोज टोमॅटोचं सार होत होतं. म्हातारीने एकदा वाटी पुढे सरकवून विचारलं, "हे कुठल्या पेशंटचं?"

एक दिवस वहिनी धुणं करून आली. बाथरूममध्ये तिने बादलीच्या काठावर फडकं टाकलं होतं, अर्धं पाण्यात, अर्धं बाहेर. परत गेली तर बादली निम्मी रिकामी आणि फरशी ओली. फडक्याने पाणी हळूहळू वर ओढून बाहेर सोडलं होतं. हे तिने जन्मभर पाहिलं होतं आणि जन्मभर स्वतःवर चरफडली होती. त्या दिवशी मात्र ती फडकं न उचलता उभी राहिली.

जेवताना ती म्हणाली, "तुम्ही पाणी ढकलताय. त्याला ओढून न्यायला काहीतरी द्या."

"म्हणजे?"

"फडक्यासारखं. कडेकडेने आतून एक सुती दोरा फिरवा आणि टोक बाहेर ठेवा. टोकावर पाणी सोडलं की दोराच नेईल त्याला सगळीकडे."

चिकटरावांचा घास हातातच राहिला. ते उठले आणि बाथरूममध्ये जाऊन त्या फडक्यासमोर उकिडवे बसले. इतका वेळ बसले की आई पलंगावरून ओरडली, "अगं, त्याचं पोट ठीक आहे ना?"

दोरा बसवलेली पहिली चांगली पट्टी आईच्याच पायावर गेली. चार दिवसांनी काढायची वेळ आली. वहिनीने चमच्याने दोऱ्याच्या टोकावर कोमट पाणी सोडलं. दोरा ओला होत होत चारी बाजूंनी फिरून आला, कडा आपसूक सैल पडल्या, आतली जखम कोरडीच राहिली. म्हातारी डोळे गच्च मिटून, पलंगाची कड पकडून पडलेली.

"काढा एकदाची," ती म्हणाली.

"काढली, आई," वहिनी म्हणाली.

म्हातारीने एक डोळा उघडून पायाकडे पाहिलं. बरं म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. "मग कोमट पाणी उरलंय ते वाया घालवू नका, तोंड धुवायला द्या," असं म्हणाली. पण दुपारभर ती पाय पांघरुणाबाहेर काढून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवून पडली होती.

त्याच संध्याकाळी चिकटरावांनी अर्जाची चित्रं काढायला घेतली. शाईने, वळणदार अक्षरात, वर शोधकांची नावं. पहिलं नाव वहिनीचं, दुसरं त्यांचं.

"अहो, नुसत्या दोऱ्यासाठी माझं नाव कशाला?" वहिनी म्हणाली.

"दोरा नसता तर माझा डिंक टोमॅटोवरच राहिला असता. आणि ज्याने शोधलं त्याचं नाव नसेल तर अर्जच खोटा. कायदा आहे तसा."

ती हसली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वतःचं नाव तिने मनातल्या मनात दोनदा वाचलं. लग्नाच्या आधीच्या शाळा-कॉलेजच्या कागदांनंतर ते कुठे छापून आलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बहिणीला फोनवर सांगून टाकलं. बहीण म्हणाली, "आता तुझ्याशी बोलायचं तर वेळ घ्यावी लागेल का आम्हाला?" हे पेटंट कारखान्याचं नव्हतं, त्यांचं दोघांचं होतं. तिला ते हवं होतं. किती हवं होतं हे तिला वकीलबाईंकडे गेल्यावरच कळलं.

पेटंटच्या वकीलबाई चिकटरावांच्या जुन्या ओळखीच्या. खोलीत पुस्तकांपेक्षा झाडांच्या कुंड्या जास्त. चित्रं बघून त्या खूश झाल्या. मग नेहमीचा प्रश्न विचारला, "अर्जाआधी हे बाहेरच्या कुणाला कळलेलं नाही ना? आधीच जगाला माहीत असेल तर पेटंट मिळत नाही, तुम्हाला माहीतच आहे."

चिकटराव घोटाळले. आधीची चारही पेटंटं हत्यारांची. ती काही पाहुण्यांवर चालवून बघता येत नव्हती, त्यामुळे हा प्रश्न कधी अडलाच नव्हता. त्यांनी बाही सरसावायचा सगळा प्रकार सांगितला. वकीलबाई हसता हसता खुर्चीत मागे रेलल्या.

"मीटरवाला चालेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही चाचणी घेतलीत, समोर बसलात, पट्टी काढून ठेवून घेतलीत. आत काय आहे ते त्याला कळलं नाही. यावर भांडता येईल. पण कुणाला वापरायला दिली? आत काय आहे ते सांगून?"

"छे," चिकटराव ठामपणे म्हणाले.

"दिली," वहिनी म्हणाली.

खालच्या मजल्यावर शिकवणीच्या बाई राहायच्या. त्यांच्या नवऱ्याला, निवृत्त मास्तरांना, कोपराला अशीच जखम झाली होती आणि पट्टी काढताना मास्तरांचं ओरडणं जिन्यात ऐकू यायचं. वहिनीला राहवलं नाही. पट्ट्यांचा एक डबाच ती खाली देऊन आली होती. शिकवणीबाईंनी विचारलं, "यात जादू काय आहे गं?" तेव्हा तिने अभिमानाने एक पट्टी कात्रीने उभी कापून आतला दोरा दाखवला होता. दार उघडं होतं. मुलांना न्यायला आलेल्या आया दारात उभ्या होत्या, त्याही वाकून बघत होत्या.

"कुणाला दाखवू नका, असं काही म्हणाला होतात?" वकीलबाईंनी विचारलं.

"उलट म्हणाले, कुणाला लागली तर सांगा."

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "ही गोष्ट आपसांत ठेवा, असं त्यांना बजावलं असतं तर प्रश्न नव्हता. तसं झालं असेल तर त्या येऊन सांगू शकतात. झालं नसेल, तर तसं खोटं सांगू नये असा माझा सल्ला."

बसमध्ये वहिनी खिडकीकडे तोंड करून बसली. तिकडेच बघत म्हणाली, "रागवा तरी."

"कशाबद्दल?" चिकटराव म्हणाले. "मास्तरांच्या कोपरावर चालली का नाही?"

"चालली."

"कातडी निघाली?"

"नाही."

"मग," ते म्हणाले. पण मांडीवरच्या चित्रांच्या गुंडाळीला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं, गर्दीत कुणाचा धक्का लागू नये म्हणून. ते बघून वहिनीला रडू आवरेना.

घरी पोचल्यावर ती वर गेलीच नाही. चिकटराव जिना चढून गेले आणि ही शिकवणीबाईंच्या दारात थांबली. जे कधी आयुष्यात केलं नव्हतं ते करायला ती निघाली होती.

शिकवणीबाईंनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "एवढंच ना? येऊन सांगते की. कुठे यायचं ते सांग. 'मला बजावून सांगितलं होतं, कुणाला बोलू नका' असंच ना?"

आतून मास्तर म्हणाले, "कधी बजावलं होतं? त्या दिवशी तर दारात ही गर्दी होती."

"तुम्ही पडून राहा हो," बाई म्हणाल्या आणि चपला घालून वहिनीच्या पुढे जिना चढू लागल्या. "आधी भावजींना सांगू, म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडेल."

चिकटरावांनी त्यांना बसायला दिलं. बाईंनी पदार्थाची कृती सांगावी तशा सुरात सांगितलं की हे गुपित होतं आणि आपण ते गुपितच ठेवलं. चिकटरावांनी मान डोलावली. "बरं. मास्तरांचं कोपर कसं आहे?"

एवढं विचारायचा अवकाश. बाईंचा चेहरा उजळला. "अहो, काय सांगू. दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी काढून दाखवली, ते बघतच राहिले. माझ्या लेकीच्या सासूबाईंना फोनवर समजावली. औषधाच्या दुकानातल्या बाईला तर मीच करायला शिकवली, तिच्या वडिलांच्या पाठीला हवी होती. तिने शिवणाचा लाल दोरा घातला आणि उकळतं पाणी ओतलं, आता सगळी जखम लाल दिसते म्हणे, पण ते..." इथे बाईंना आपण काय बोलतोय ते कळलं. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने जमिनीकडे.

पलंगावरून म्हातारी म्हणाली, "गुपित छान ठेवलंस हो बाई."

चिकटराव हसतील असं वहिनीला वाटलं. ते हसले नाहीत. "उकळतं पाणी?" त्यांनी विचारलं. "म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर?" ते उठले आणि बाईंकडून त्या दुकानाचा पत्ता विचारून, एक डबा बगलेत मारून, तसेच बाहेर पडले.

ते परत आले तेव्हा वहिनी बाल्कनीत त्यांच्या स्टुलावर बसली होती. दुकानातल्या बाईच्या वडिलांची पाठ भाजली नव्हती, पाणी वाटेत निवलं होतं. जखमेवर दोऱ्याचा रंग मात्र उतरला होता. ती त्यांनी स्वतः धुऊन नवी पट्टी लावून दिली होती.

"बाईंना काही म्हणू नकोस," ते म्हणाले. "तू सांगितलंस म्हणून त्या आल्या."

"मी का सांगितलं ते माहीत आहे तुम्हाला."

"आहे. मलाही हवं होतं." त्यांनी गुंडाळीतलं पहिलं चित्र उलगडलं, नावाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचं बोटही वाचता येतं. त्यांना किती लागलंय ते तिला दिसलं, आणि आता ते कुणालाच खोटं बोलू देणार नाहीत हेही दिसलं.

"गोष्ट बाहेर पडलीच आहे," ते म्हणाले. "पण अर्धवट पडली आहे. अर्ध्या माहितीवर कुणी कुणाच्या जखमेवर काय काय बांधेल, सांगता येत नाही. आता ती पुरती बाहेर पडू दे. नर्स मंडळींचं एक मासिक निघतं ना, त्यात सगळं द्यायचं. दोरा कुठला, पाणी किती कोमट, डिंक कसा करायचा. कुणालाही करता आली पाहिजे. तू लिही, मी चित्रं देतो."

"पेटंट गेलं मग."

"गेलं."

वहिनी लिहायला बसली. आजवर तिने अर्जांसाठी लिहिलं होतं. तिथे दुसऱ्या कुणाला हात मारता येऊ नये असं लिहायचं असतं. आता नेमकं उलट लिहायचं होतं. प्रत्येक परिच्छेद ती सासूबाईंना वाचून दाखवी. म्हातारी परीक्षक म्हणून भारी कडक.

"सुती दोरा म्हणजे कुठला? रंगवलेला की साधा?"

"साधा, पांढरा. उकळून वाळवलेला."

"मग तसं लिही. आणि कोमट म्हणजे काय? तुझं कोमट वेगळं, माझं वेगळं."

वहिनीने लिहिलं, मनगटावर थेंब टाकला असता ना गार वाटतो ना गरम, असं पाणी. मजकूर खोडून खोडून वहीची पानं संपत आली. शेवटी म्हातारी म्हणाली, "आता मला समजलं. म्हणजे कुणालाही समजेल." घरात तिच्या तोंडून निघालेली ही बहुधा पहिलीच शाबासकी, तीही स्वतःला नावं ठेवून दिलेली.

लेख छापून आला. वर वहिनीचं नाव, खाली चिकटरावांचं, आणि तीच शाईची चित्रं. बहिणीने फोन केला, शिकवणीबाईंनी दारावर अंक डकवला. मग महिनाभर काहीच झालं नाही. वहिनी धुणं वाळत घालताना कधीकधी थांबून विचार करी, की पेटंट झालं असतं तर काय झालं असतं. उत्तर मिळायच्या आत चिमटे संपत.

कारखान्याच्या जुन्या क्लिपबद्दल काही विचारायला एका मोठ्या रुग्णालयाने चिकटरावांना बोलावलं, तेव्हा ती बरोबर गेली. काम आटोपून वॉर्डातून बाहेर पडताना ती थबकली. खिडकीजवळच्या खाटेवर एक आजोबा, आणि त्यांच्या दंडावर हाताने केलेली पट्टी. कडेतून दोऱ्याचं टोक लोंबतंय. नर्सताई चमच्याने पाणी सोडत होत्या. वहिनीला पुढे सरकायचं धाडस होईना. चिकटराव सरळ खाटेपाशी गेले.

"ही पट्टी कुठून आणलीत?"

"आणली नाही, आम्हीच करतो. मासिकात आली होती." नर्सताई मान वर न करता म्हणाल्या. "कल्पना चांगली आहे, पण ज्यांनी लिहिलंय ते भेटले पाहिजेत मला. चौथा कोपरा कोरडाच राहतो. दर वेळी. तिथे मला ओढावंच लागतं."

"मला नका सांगू," चिकटराव म्हणाले. "त्यांना सांगा. दोरा त्यांचा आहे."

नर्सताईंनी वहिनीकडे पाहिलं आणि जराही न संकोचता स्टूल पुढे केला. वहिनीने पर्समधून चष्मा काढला. आजोबांनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर का?" ती म्हणाली, "नाही आजोबा, तुम्ही फक्त हात ढिला सोडा." दोरा तीन कोपरे ओला होऊन चौथ्याशी खरंच थांबला होता. तिने बोटाने चाचपलं. सगळीच वळणं काटकोनात होती आणि इथे टाकाही घट्ट बसला होता. दोरा चेमटला होता, पाणी पुढे जायला वाटच नव्हती.

"तुम्ही चित्र बघून केलीत?" तिने विचारलं.

"हुबेहूब."

मग दोष चित्रातच होता. घरच्या पट्ट्या चिकटराव हाताने वळवत, आणि त्यांचा हात कोपरा सहज गोल घेई. कागदावर काढताना मात्र मोजपट्टी धरून काटकोन काढले होते. वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. चिकटरावांनी कान पकडले.

तिने चौथ्या कोपऱ्यावर वेगळं पाणी सोडलं, पट्टी सुटेपर्यंत वाट पाहिली आणि ती उचलून नर्सताईंच्या हातात दिली. आजोबा खिडकीबाहेर बघत होते, पट्टी निघाली हे त्यांना कळलंही नाही.

"कोपरे गोल घ्यायचे आणि टाका सैल," ती म्हणाली. "पुढच्या अंकात दुरुस्ती पाठवते. तुमचं पूर्ण नाव सांगा."

"माझं कशाला? मी तर नुसती तक्रार केली."

"तेच लिहायचंय," वहिनी म्हणाली आणि चिकटरावांच्या खिशातलं पेन काढून घेतलं.